अ‍ॅप्लिकचे कोस्टर आणि मग रग: कडा सुटतात, कप डुगडुगतो, काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की तुम्ही सुती कापडाचे चार कोस्टर आणि दोन मग रग (कप आणि सोबतचा खाऊ मावेल एवढं छोटं आसन) शिवले, वर पानं आणि एक किटली अ‍ॅप्लिक करून, म्हणजे वेगळ्या कापडातून कापून वर शिवून, लावली, दिसायला छान झाले पण पहिल्याच धुण्यात पानांच्या कडा सुटल्या, मधे चुण्या पडल्या, कोपरे गोळा होऊन बसले आणि कप ठेवला की डुगडुगतो. मशीन साधी काळी, सरळ टाक्याची, झिगझॅग नाही. आणि दिवाळीला भेट द्यायला अजून सहा करायचेत.

मी २२ वर्षं शिवणाचे क्लास घेते आणि या चार तक्रारी मला जवळपास प्रत्येक बॅचला ऐकायला मिळतात, त्यामुळे सविस्तर लिहिते. मशीनचा दोष नाही हे आधी सांगते. सरळ टाक्यावर उत्तम अ‍ॅप्लिक होतं, मी स्वतः पहिली कितीतरी वर्षं तसंच केलंय.

डुगडुगणं आधी घेते कारण बाकी बरंच काही त्यावरून ठरतं. आपण काय करतो, आधी चित्र निवडतो, ते मधोमध लावतो, मग शेवटी त्यावर कप ठेवून बघतो. हे उलटं करा. घरातला रोजचा कप उलटा करून त्याचा तळ बघा. चिनी मातीच्या कपाचा तळ अख्खा टेकत नाही, कडेने एक गोल उंचवटा असतो तेवढाच टेकतो, मधला भाग पोकळ असतो. कागदावर कप ठेवून पेन्सिलने ते वर्तुळ काढून घ्या. आता तुमच्या पानाची कड किंवा किटलीचा कान नेमका त्या वर्तुळाच्या रेषेखाली येत असेल तर कप एका बाजूला उचलला जाणारच. पण तोच नक्षीचा तुकडा दीड इंचाच्या आत असेल तर पोकळीत बसतो आणि काहीच त्रास होत नाही. नाहीतर चार कोपऱ्यांत चार पानं लावायची, मधे मोकळं. स्टीलचा पेला किंवा काचेचा ग्लास बहुतेक वेळा जवळजवळ सपाट टेकतो, त्यामुळे त्यांच्यासाठी जे कोस्टर असतील त्यावर मधे काहीच नको, नुसतं छापील कापड आणि धावदोरा. मणी, बटणं, गाठीचे टाके यातलं काही कोस्टरवर नको, कितीही मोह झाला तरी.

मग रगला हा प्रश्न सोपा होतो कारण जागा जास्त असते. मी ६ बाय ९ इंच तयार माप ठेवते. त्यातली उजवीकडची ४ इंच जागा कपाची, तिथे चित्र नाही, डावीकडे बिस्किटं किंवा चकलीचे दोन तुकडे आणि चित्र डाव्या वरच्या कोपऱ्यात, म्हणजे खाऊ ठेवला तरी दिसतं. ज्यांना द्यायचं ते डावखुरे असतील तर हेच आरशासारखं उलटं करा, माझ्या एका विद्यार्थिनीने मुलासाठी तसं केलं होतं आणि त्याला ते इतकं आवडलं की अजून तोच वापरतो. कपाच्या जागी पांढरं किंवा फिकं कापड घेऊ नका, चहाचा डाग तिथेच पडणार आहे, बारीक छापाचं तपकिरी, मातकट, गडद निळं काहीतरी घ्या.

आता आत काय घालता ते बघू. तुम्ही पॉलिफिलची (पॉलिस्टरच्या कापसाची) जाड शीट घातलीत असं दिसतंय, कारण फुगीर झालेत म्हणालात. गोधडीला फुगीरपणा चालतो, कोस्टरला नाही. शिवाय पॉलिस्टर पाणी शोषत नाही. उन्हाळ्यात पन्ह्याचा गार ग्लास ठेवला की बाहेरून पाणी ओघळतं, ते कोस्टरने प्यायला हवं, नाहीतर ते खाली टेबलावर जातं, किंवा हलकं कोस्टर ओल्या ग्लासाला चिकटून त्याच्याबरोबर वर येतं आणि मग मांडीवर पडतं. म्हणून आत सुतीच घाला. माझी पसंती जुन्या, भरपूर धुतलेल्या सुती चादरीचे दोन थर, नाहीतर लहान बाळाच्या दुपट्याचं फलालीन दोन थर. जुनी सोलापुरी चादर असेल तर तिचा एकच थर पुरतो, वजनही छान येतं, फक्त तिचा रंग जातो का ते आधी तपासा. टॉवेल लोक सुचवतात पण त्याच्या धाग्याच्या वेढ्यांमुळे वरचं कापड सरकतं आणि कडा जाड होतात, मला तो आवडत नाही. आणि कोणत्याही भरावाचं असो, गॅसवरून उतरवलेलं पातेलं यावर ठेवायचं नाही, ते काम जाड पोतेऱ्याचं.

कापड सुती आहे की मिश्र याची खात्री नसेल तर कडेचे दोन धागे काढून जाळून बघा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि बोटाने चुरडली तर राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. रविवार पेठेतून किंवा तुळशीबागेतून कटपीस आणले की मी घरी येऊन हे पहिलं करते, कारण दुकानात कॉटन म्हणून सांगितलेलं नेहमीच कॉटन निघत नाही आणि त्यावर कडक इस्त्री ठेवली तर कापड आक्रसतं.

कडा सुटण्याबद्दल. कापडाचे धागे सुटतात ते मुख्यतः सरळ, उभ्या किंवा आडव्या धाग्याला धरून कापलेल्या कडेला. तिरक्या कापाची कड खूप कमी सुटते. म्हणून पान कापताना त्याचा लांब अक्ष उभ्या धाग्यावर ठेवण्यापेक्षा तिरका ठेवा, नुसत्या एवढ्यानेच अर्धा प्रश्न कमी होतो. दुसरं, घट्ट विणीचं कापड घ्या, पॉपलीन किंवा केंब्रिक. तुमच्या फोटोतली किटली खणाची आहे. खण सुंदर दिसतो हे मान्य, गुळेदगुडच्या खणाचे रंग दुसऱ्या कशाला येत नाहीत, पण खण कडेला झपाट्याने सुटतो, आणि हल्ली बाजारात मिळणारा पुष्कळसा खण मिश्र धाग्याचा असतो. खण वापरायचाच तर कापायच्या आधी मागून पातळ फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) इस्त्री करून घ्या, इस्त्री बेताची गरम, आणि त्याच्या कडा उघड्या ठेवू नका, खाली सांगते तशा आत वळवा.

सरळ टाक्याच्या मशीनवर दोन रस्ते आहेत.

पहिला, उघडी कड. दोन्हीकडून चिकटणारं, कागद लावलेलं फ्युजिंग मिळतं ते आणा, पातळ घ्या. जाड आणलंत तर सुईला गोंद चिकटतो, धागा तुटतो आणि टाके गळतात. कागदाच्या बाजूवर चित्र काढायचं, अंदाजे कापायचं, कापडाच्या उलट्या बाजूला इस्त्रीने चिकटवायचं, मग रेषेवर नेमकं कापायचं, गार झाल्यावर कागद काढायचा आणि कोस्टरच्या वरच्या कापडावर दाबायचं. इस्त्री घासायची नाही, उचलून ठेवायची. आणि इथे एक जागा अशी आहे जिथे सगळे फसतात, चित्र उलटं येतं, आरशातल्यासारखं. पानाला फरक पडत नाही पण कोणी ‘आई’ लिहायला घेतलं की घोळ होतो. अक्षरं कागदावर उलटी काढा, किंवा सुलटी काढून खिडकीच्या काचेवर कागद पालथा धरून मागून गिरवा. देवनागरी अक्षरं असतील तर शिरोरेषेसकट अख्खा शब्द एकच तुकडा म्हणून कापा, सुटी अक्षरं लावत बसलात तर ओळ कधीच सरळ येत नाही.

चित्र दोन इंचांहून मोठं असेल तर फ्युजिंगचा मधला भाग कापून टाका, रेषेच्या आत फक्त पाव इंचाची रिंग ठेवा. कड धरली जाते आणि मधलं कापड मऊ राहतं, नाहीतर धुतल्यावरही पुठ्ठ्यासारखं कडक लागतं. मग कडेपासून साधारण दोन मिलिमीटर आत सरळ टाका मारायचा, टाका बारीक, इंचाला १२ च्या आसपास. वळणावर सुई कापडात खाली ठेवून फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) उचलायचा आणि थोडं थोडं फिरवायचं. एकावर एक दोन फेऱ्या मारल्या तर जास्त टिकतं आणि पेन्सिलने रेखाटल्यासारखं छान दिसतं. धुतल्यावर कड टाक्यापर्यंत थोडी पिंजारते, पुढे जात नाही, बऱ्याच जणींना ते रूप आवडतं. तुमच्या कडा पार सुटल्या कारण टाका अगदी काठावर होता आणि खाली फ्युजिंगच नव्हतं.

दुसरा रस्ता मला भेटवस्तूंसाठी जास्त पटतो, कारण कड पूर्ण आत जाते. जुन्या मलमलचा तुकडा घ्या, फाटक्या ओढणीचा चालेल. अ‍ॅप्लिकचं कापड सुलटं वर करून ठेवा, त्यावर मलमल, मलमलवर चित्र काढा. रेषेवरून बारीक टाक्याने पूर्ण गोल शिवून घ्या, कुठेही जागा सोडायची नाही. बाहेरचं कापड तीन मिलिमीटर ठेवून कापा, वळणांवर कात्रीने छोट्या चिरा द्या, टाका कापला जाऊ देऊ नका. आता फक्त मलमलला मधोमध एक चीर पाडा आणि त्यातून तुकडा उलटा करा. कडा काडीने बाहेर काढून इस्त्री करा. झालं पान तयार, स्वच्छ कडेचं, आणि यात आरसा होत नाही, जसं काढाल तसंच येतं. मागची मलमल जाड वाटली तर आतून कापून टाका. मग काठावर एक मिलिमीटर आत सरळ टाका मारा, किंवा हाताने काजटाका घाला, दोन पदरी एम्ब्रॉयडरी धाग्याने, फार देखणं दिसतं. गोल, पान, हृदय, कैरी, किटली सगळं यात बसतं. फार बारीक टोकं आणि अक्षरं बसत नाहीत, त्याला पहिलाच रस्ता.

चुण्यांची कारणं तीन आहेत आणि तुमच्याकडे बहुतेक तिन्ही एकदम आलीत. एक, कापड न धुता वापरलं. वरचं कापड नवीन, आतलं जुनं, अस्तर तिसरंच, धुतल्यावर प्रत्येक जण वेगळं आक्रसतं. सगळं कापड आधी एकदा धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या, मग कापा. दोन, धाग्याचा ताण. खालचा धागा वर टिपक्यांसारखा दिसत असेल तर वरचा ताण जास्त आहे, सैल करा. दोन्ही बाजूंना टाका बरा दिसतोय पण कापड गोळा होतंय तर वरचा आणि बॉबिनचा (खालच्या धाग्याचा) दोन्ही ताण जास्त आहेत. तीन, आणि हे कोणी सांगत नाही, फुटाचा दाब. काळ्या मशीनच्या डोक्यावर डावीकडे, फुटाच्या दांड्याच्या वर एक स्क्रू असतो, तो दोन-तीन आटे सैल केलात की फूट कमी दाबतो. जाड थरांवर दाब जास्त असला की खालचं कापड मशीनचे दात ओढून नेतात, वरचं मात्र फुटासमोर ढकललं जाऊन साचतं आणि शेवटच्या ओळीला चुणी येते. काम झाल्यावर स्क्रू परत जागेवर आणा, नाहीतर ब्लाउजच्या पातळ कापडाला टाका नीट बसत नाही. सुई १४ नंबरची, नवी घाला. जाड थरांत बोथट सुईने टाके गळतात, आणि सुई ही शिवणातली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे, ती वाचवू नका.

थर एकत्र ठेवताना मी नेहमी वरचं आणि आतलं दोन्ही अर्धा इंच जास्त कापते, म्हणजे साडेचार इंची कोस्टरला ५ इंच, आणि अ‍ॅप्लिक आधी नुसत्या वरच्या कापडावर करते, खाली बटरपेपर धरून, टाके झाल्यावर तो फाडून काढायचा. मग त्याखाली भराव, मोठ्या टाक्याने फुलीचा कच्चा धावदोरा, आणि मशीनवर मधून बाहेर ओळी, इंचाला ८ ते १० टाके. अ‍ॅप्लिकच्या भोवती एक ओळ त्याला चिकटून मारलीत तर चित्र उठून येतं. सगळं शिवून झाल्यावर मापात कापा. टाके घातले की कापड थोडं आत ओढलं जातंच, आधीच मापात कापलेलं कोस्टर शेवटी पतंगासारखं वाकडं होतं.

आता कोपरे. तुम्ही सुलट्यावर सुलटं ठेवून शिवून उलटं केलंत, ती पद्धत चांगली आहे, पण भराव शिलाईत अडकला म्हणून कडा जाड झाल्या. भराव शिलाईच्या रेषेपर्यंत कापा, टाक्याला जवळजवळ घासून. कोपऱ्यावर एकदम काटकोनात वळू नका, एक टाका तिरका घाला, मग वळा, विचित्र वाटतं पण कोपरा जास्त टोकदार येतो कारण कापडाला आत मावायला जागा मिळते. माया (शिलाईबाहेरचं जास्तीचं कापड) तिरकी कापा, दोन मिलिमीटर ठेवून. उलटं करताना कोपऱ्याची माया अंगठ्याने आत घट्ट दुमडून धरा आणि तशीच बाहेर ढकला, नंतर बांबूच्या काडीने हलकं टोचा. कात्रीचं टोक वापरू नका, एका लग्नाच्या ऑर्डरमधल्या २४ पैकी ३ कोस्टरचे कोपरे मी तसे भोसकलेत. उलटण्यासाठी सोडलेली जागा दोन इंच, सरळ बाजूच्या मधे, कोपऱ्याजवळ नको. मग चारी बाजूंनी काठावर एक टाका मारला की ती जागाही बंद होते.

चौकोनाच्या कडेला पट्टी लावायची असेल तर उरेब (तिरक्या धाग्यावर कापलेल्या) पट्टीची गरज नाही, सरळ धाग्याची चालते आणि कापड वाया जात नाही. दोन इंच रुंद पट्टी लांबीत दुमडून दुहेरी करा, पुढून पाव इंचावर शिवा, मागे वळवून हाताने तुरपाई. साडेचार इंची कोस्टरला २२ इंच पट्टी, मग रगला ३६. गोल कोस्टरला मात्र उरेबच पाहिजे, सरळ पट्टी तिथे बसतच नाही.

मशीनवर सहा करायचा कंटाळा आला तर एक हाताची पद्धत सांगते, मला ती फार जवळची आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळच्या भागात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात, जुन्या कापडाच्या तुकड्यांची गोधडीच. त्या आधी वरचा थर जोडून घेत नाहीत. अस्तराच्या काठावर एक तुकडा ठेवायचा, कड आत दुमडायची, धावदोरा घालत पुढे जायचं, तो संपत आला की पुढचा तुकडा त्यावर थोडा चढवून ठेवायचा, आणि असं काठाकाठाने फिरत मध्यापर्यंत यायचं. जोडकाम, अ‍ॅप्लिक आणि क्विल्टिंग (थर एकत्र शिवणं) एकाच धावदोऱ्यात. चार कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाचे छोटे त्रिकोण लावतात, त्यांना फुला म्हणतात, त्याशिवाय कवंदी पूर्ण झाली असं त्या मानत नाहीत. माझी आजी सांगलीकडची, तिची गोधडीही काठापासून आत यायची, त्यामुळे पहिल्यांदा कवंदी बघितली तेव्हा मला तिचा हात आठवला. कोस्टर करताना अस्तराची कड आत दुमडून घ्या, तुकड्यांची बाहेरची कडही दुमडा, म्हणजे पट्टी लावायलाच नको. तुकडे दीड इंचाहून लहान घेऊ नका, मधे दुमडी एकावर एक येऊन उंचवटा होतो आणि परत कप डुगडुगतो. फुला लावलेत तर ते कपाच्या बाहेर येतात, म्हणून बिनधास्त लावा. एक कोस्टर साधारण दोन संध्याकाळींत होतं.

रंग जाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण फोटोत किटलीचा लाल रंग बाजूला उतरलेला दिसतोय. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. सुती कापड रंगवताना मीठ घालतात ते रंग धाग्यात शिरावा म्हणून, रंगवून झालेल्या कापडातला सुटा रंग मीठ धरून ठेवत नाही. तो धुऊनच काढावा लागतो, पाणी नितळ येईपर्यंत. तपासायला ओलं पांढरं फडकं लाल कापडावर ठेवून इस्त्री दाबा, फडकं गुलाबी झालं तर अजून धुवा, चार वेळा धुऊनही होत असेल तर तो तुकडा कोस्टरला वापरू नका. चहा सांडला तर लगेच गार पाण्याखाली धरा, साबणाची वडी चोळू नका, त्याने चहाचा डाग जास्त बसतो, पातळ डिटर्जंट वापरा. वाळवताना पिळू नका, टॉवेलमधे दाबून सपाट ठेवा, सावलीत.

सहाही एकदम कापायला घेऊ नका. आधी एकच मग रग पूर्ण करा, धुवा, वाळवा, त्यावर काठोकाठ पाणी भरलेला कप ठेवा आणि टेबलाला हलका धक्का द्या. पाणी सांडलं नाही की बाकीचे पाच त्याच मापाने कापा. धुतल्यावर तो किती आखडला तेही मोजून ठेवा, अर्धा सेंटिमीटर गेला असेल तर पुढच्यांना तेवढं वाढवून कापा.